बेट पाहा, पण नावेतून: वेंगुर्ला रॉक्सचे पक्षी आणि आपल्या धरणांतली उन्हाळी बेटं

उन्हाळ्याची सुट्टी लागली की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडची बरीच कुटुंबं कोकणाचा बेत आखतात. जवळपास सातशे किलोमीटरचा प्रवास, रात्रीची गाडी, सोबत डब्यात रोट्या आणि चटणी. मालवणचा किल्ला पाहायचा, वेंगुर्ल्याच्या वाळूत लेकरांना खेळू द्यायचं, मासे खायचे आणि परतायचं. पण त्याच वेंगुर्ल्यासमोर समुद्रात काय आहे, हे फार थोड्या जणांना माहीत असतं.

किनाऱ्यापासून सुमारे १५ किलोमीटर आत खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. नकाशावर त्याला 'वेंगुर्ला रॉक्स' किंवा 'बर्न्ट आयलंड्स' म्हणतात. निवती गावाकडून जाणारे लोक 'निवती रॉक' म्हणतात. तिथं जहाजांना वाट दाखवणारं दीपगृह आहे. गाव नाही, बाजार नाही, शेती नाही. तिथले खरे रहिवासी म्हणजे समुद्रपक्षी, आणि खडकांतल्या गुहांत राहणारी एक छोटीशी पाकोळी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, महाराष्ट्रातल्या पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या जागांमध्ये या बेटांचा समावेश केलेला आहे.

हे बेट पाहायला जावं का? जरूर जावं. पण अशा बेटावर पाहुण्यासारखं कसं जायचं, हे आधी समजून घेतलं पाहिजे. कारण तिथं आपलं एक पाऊल चुकीच्या जागी पडलं, तर एखाद्या पक्ष्याचं सगळं वर्ष वाया जातं. आणि हीच गोष्ट आपल्या इसापूर, येलदरी, सिद्धेश्वर धरणांनाही तशीच लागू होते.

बेटाकडे जाणारा दिवस

समुद्र सकाळी शांत असतो, म्हणून नावा सकाळी लवकर निघतात. किनारा सुटल्यावर पहिल्या काही किलोमीटरमध्येच डॉल्फिन दिसण्याची शक्यता असते. कोकण किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात राहणारा हा कुबडवाला डॉल्फिन. पाठीवर उंचवटा असतो, म्हणून हे नाव. तो उड्या मारून खेळ दाखवत नाही. श्वास घ्यायला वर येतो, पाठ दिसते आणि पुन्हा पाण्यात जातो. नाव त्याच्या मागे पळवली की तो दूर जातो. इंजिन मंद करून थांबलं, तर तो स्वतःच जवळून जातो.

वर आकाशाकडेही लक्ष ठेवावं. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड या किनाऱ्यावर आहे. मोठे रुंद पंख, खालून पांढरा, पंखांच्या कडा काळपट. पाण्यावरून तो मासा किंवा समुद्री साप उचलतो आणि किनाऱ्यावरच्या उंच झाडावरच्या घरट्याकडे नेतो.

आणखी आत गेलं की पांढरे, टोकदार पंखांचे पक्षी एका जागी गोळा होऊन पाण्यात सूर मारताना दिसतात. हे सुरय. खाली मोठ्या माशांनी लहान माशांचा थवा वर रेटलेला असतो, म्हणून पक्षी तिथं जमतात. कोळ्यांना हे पक्कं माहीत असतं. कोकणातले दालदी मुस्लिम पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत. त्यांना आणि इतर मच्छीमारांना विचारलं तर ते सांगतील, पक्षी कुठे घिरट्या घालतात त्यावरून मासळी कुठे आहे ते कळतं. यंत्रं आली तरी ही खूण गेलेली नाही.

मग खडक दिसू लागतात. लांबून त्यांवर चुन्याचा हात मारल्यासारखा पांढरेपणा दिसतो. ती पक्ष्यांची विष्ठा. हजारो वेळा तीच जागा वापरली गेल्याशिवाय एवढा थर साचत नाही. नाव जवळ गेली की आवाज वाढतो, आणि हंगाम असेल तर खडकांवरून पक्ष्यांचा एक मोठा गोंगाट उठतो.

इथंच ठरवायचं असतं, उतरायचं की नावेतूनच पाहायचं.

अंडी आणि दुपारचं ऊन

समुद्रावरचे सुरय घरटं बांधत नाहीत म्हटलं तरी चालेल. मोठा तुरेवाला सुरय उघड्या खडकावर किंवा वाळूवर थेट अंडं ठेवतो, बहुधा एकच. लहान, काळपट पाठीचा आणि पांढऱ्या कपाळाचा दुसरा एक सुरय खडकाच्या आडोशाला, कपारीत अंडं घालतो. दोघांचीही अंडी ठिपक्यांची, दगडाच्याच रंगाची. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

पण जमिनीवर अंडी घालण्याचा धोका हे पक्षी पत्करतात तरी कसे? कारण बेट. आजूबाजूला पाणी असल्यामुळे तिथं कुत्रं, मांजर, कोल्हा, मुंगूस पोचत नाही. म्हणून जगभरातले समुद्रपक्षी एकाकी बेटांवर येऊन पिल्लं वाढवतात. पाणी हीच त्यांची तटबंदी. एखाद्या नावेतून उंदीर किंवा मांजर अशा बेटावर उतरलं, तर सगळी वसाहत संपू शकते. जगात कितीतरी बेटांवर हे घडलेलं आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. अंडी उबवणं म्हणजे ऊब देणं, असं आपण समजतो. कोंबडीच्या बाबतीत ते खरंही आहे. पण भर उन्हाळ्यात तापलेल्या खडकावर पक्षी अंड्यावर बसतो तो सावली द्यायला. काही पक्षी पाण्यात जाऊन पोटाची पिसं ओली करून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. आपल्या शेतातली टिटवीसुद्धा हे करते. आता समजा दहा माणसं बेटावर चढली. सगळे पक्षी एकदम उठले आणि डोक्यावर ओरडत फिरू लागले. आपल्याला वाटतं, काय मस्त दृश्य आहे, काढा फोटो. तेवढ्या वेळात खाली अंडी उघडी पडलेली असतात. थोड्याच वेळात आतला जीव शिजून जातो. वरून कावळे आणि घारी असल्या संधीची वाटच पाहत असतात. आपण तासाभराने हसत नावेत बसतो. पक्षी परत येऊन अंड्यावर बसतो, पण ते अंडं मेलेलं असतं.

या बेटांवर सुरयांचा विणीचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर सुरू होतो. नेमका तोच आपल्या सुट्टीचा काळ. म्हणून एप्रिल-मे मध्ये बेटावर पाय ठेवू नये. नावही जरा अंतरावर थांबवावी. पक्षी उठू लागले की समजावं, आपण फार जवळ आलो.

गुहेतली पाकोळी आणि तिची थुंकी

या बेटांचा सगळ्यात अनमोल रहिवासी तळहातावर मावेल एवढा आहे. भारतीय पाकोळी. लांबी १२ सेंटीमीटरच्या आसपास, रंग काळपट तपकिरी. पश्चिम घाट, त्याच्या लगतचा काही किनारा आणि श्रीलंका, एवढाच तिचा मुलुख.

आपल्याकडे हिंगोलीतही तिचे नातेवाईक आहेत. जुन्या मशिदीच्या कमानीखाली, गढीच्या छताला, पुलाच्या पोटाला पिसं आणि काड्यांची चिकटवलेली घरटी दिसतात ना, ती घरांजवळ राहणाऱ्या पाकोळीची. संध्याकाळी चिर्र आवाज करत थवाच्या थवा फिरतो, तीच ही. पाकोळ्यांना फांदीवर बसता येत नाही. पाय एवढे छोटे की फक्त उभ्या भिंतीला धरून लटकता येतं. म्हणून चिखल किंवा काडी गोळा करायला त्या जमिनीवर उतरत नाहीत. उडताना हवेतलंच पीस, तूस पकडायचं आणि स्वतःच्या लाळेने चिकटवायचं. ही लाळ वाळली की डिंकासारखी घट्ट होते.

बेटावरची पाकोळी हेच काम गुहेच्या अंधारात करते. अंधारात उडताना ती टिक टिक असा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत कुठे आहे ते ओळखते. वटवाघूळही असंच करतं, पण त्याचा बहुतेक आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा असतो. पाकोळीची टिकटिक मात्र माणसाला ऐकू येते. ओल्या भिंतीवर लाळ, शेवाळ आणि पिसं यांची छोटीशी अर्धी वाटी ती कित्येक आठवडे खपून बांधते आणि त्यात बहुधा दोन अंडी घालते.

आणि हीच वाटी तिच्या जिवावर उठली. आग्नेय आशियात आणि चीनमध्ये पाकोळीच्या लाळेच्या घरट्याचं सूप मोठ्या किमतीला विकलं जातं. सगळ्यात जास्त भाव शुद्ध लाळेच्या पांढऱ्या घरट्याला, आणि ते दुसऱ्या जातीच्या पाकोळीचं असतं. आपल्या पाकोळीच्या घरट्यात शेवाळ आणि पिसं मिसळलेली असतात, म्हणून ते कमी दर्जाचं धरलं जातं. तरीही ते साफ करून विकता येतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला वेंगुर्ल्याच्या या गुहांमधल्या पाकोळ्यांवर काम सुरू केलं, तेव्हा इथली घरटी चोरीला जात असल्याचं समोर आलं. घरटं ओरबाडलं की आतली अंडी, पिल्लं खाली पडतात. पाकोळी पुन्हा बांधायला घेते, पण लाळ ही तिच्या अंगातून येते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बांधता बांधता ती थकते आणि हंगाम निघून जातो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. जंगली पक्ष्याची अंडी फोडणं, घरटी किंवा अंडी विस्कटणं हेही शिकारीतच मोजलं जातं. म्हणजे गंमत म्हणून घरट्यात हात घालणाऱ्यालाही हा कायदा लागू आहे.

आपल्या घरांत ही शिकवण कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग येतो. प्रवासात काही सहाबांनी एका छोट्या पक्ष्याची दोन पिल्लं उचलली. आई व्याकूळ होऊन वर फडफडू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारपूस केली आणि पिल्लं जिथून घेतली तिथं परत ठेवायला लावली. लेकरांना हा किस्सा सांगितला, तर बेटावर काय करायचं आणि काय नाही, हे वेगळं समजवावं लागत नाही.

ही माहिती आपल्याला मिळाली कोणामुळे

वेंगुर्ल्याच्या बेटांची पहिली नीट नोंद करणाऱ्यांत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम होते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव आलं तेच हे इंग्रज अधिकारी. १८७५ साली लक्षद्वीपच्या सफरीत ते या बेटांवरही येऊन गेले. त्यानंतर १९४० च्या सुमारास मुंबईचे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी इथले सुरय आणि पाकोळ्या पाहून बीएनएचएसच्या नियतकालिकात लिहिलं. हुमायून अब्दुलअली (१९१४-२००१) यांनी पुढे अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांवर अनेक वर्षं काम केलं. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायद्यामागेही त्यांची मेहनत होती.

त्यांचे नातेवाईक डॉ. सालिम अली (१२ नोव्हेंबर १८९६ ते २० जून १९८७) यांचं नाव तर प्रत्येक शाळेतल्या मुलाला माहीत आहे. पण त्यांचं आपल्या भागाशी असलेलं नातं फारसं कुणी सांगत नाही. त्यांनी केलेलं पहिलं मोठं प्रादेशिक पक्षी सर्वेक्षण निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं, १९३१-३२ चं. आपलं हिंगोली तेव्हा त्याच संस्थानात होतं. नोकरी नव्हती. त्यांनी संस्थानिकांपुढे प्रस्ताव ठेवला की मला पगार नको, फक्त मुक्कामाचा आणि फिरण्याचा खर्च द्या. हैदराबादने तो मान्य केला आणि तिथून त्यांची वाट सुरू झाली.

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. ५ तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची, १२ तारीख सालिम अलींच्या. आपल्या शाळा-मदरशांतल्या मुलांना घेऊन या आठवड्यात धरणावर जाता येतं.

बेटं आपल्याकडेही आहेत

हिंगोलीला समुद्र नाही, पण बेटं आहेत. ती उन्हाळ्यात उगवतात.

पूर्णा नदीवर येलदरी आणि त्याखाली सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर. पावसाळ्यानंतर ही धरणं भरलेली असतात. फेब्रुवारी-मार्चपासून कालव्याला पाणी सुटतं, उन्हाने आटतं, पातळी उतरते आणि पाण्याखालचे उंचवटे वर येतात. चारही बाजूंनी पाणी, मध्ये उघडी माती आणि दगडगोटे. सुरयाच्या जातीतला नदी सुरय आणि टिटवी यांना अंडी घालायला अशीच जागा हवी असते. पिवळी चोच, काळी टोपी, लांब दुभंगलेली शेपटी आणि लाल पाय असलेला नदी सुरय ओळखायला सोपा. कर्नाटकातल्या भद्रा धरणात अशाच उन्हाळी बेटांवर नदी सुरयांची मोठी वसाहत भरते आणि ती पाहायला लोक लांबून येतात.

इसापूरच्या जलाशयाला २०१४ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे ३८ चौरस किलोमीटर. एका बाजूला विदर्भ, दुसऱ्या बाजूला आपला मराठवाडा. हिवाळ्यात इथं पाहुणे पक्षी येतात, आणि त्या दिवसांत पक्षी पाहणं सगळ्यात सोपं असतं. कारण बदकं आणि इतर हिवाळी पाहुणे इथं अंडी घालत नाहीत, फक्त खायला-राहायला येतात. तरीही हुसकावलं की त्यांची ताकद वाया जाते, आणि ती त्यांना परतीच्या हजारो किलोमीटरच्या उड्डाणासाठी हवी असते.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. धरणातल्या बेटाची तटबंदी समुद्रासारखी कायमची नसते. पाणी आणखी उतरलं की बेट किनाऱ्याला जोडलं जातं. मग कुत्री तिथं पोचतात, जनावरं चरायला जातात, पोरं पोहत जाऊन अंडी गोळा करतात. उलट वरच्या धरणातून अचानक पाणी सोडलं तर खालच्या धरणातली अंडी वाहून जातात. या दोन संकटांमधल्या थोड्याशा दिवसांत पक्ष्याला पिल्लं वाढवायची असतात. त्यात आपली सहल, डीजे आणि सेल्फी यांची भर पडायला नको.

माणसाचं पोट आणि पक्ष्याचं घर

कुणी म्हणेल, माणसाच्या रोजीरोटीचं काय? प्रश्न रास्त आहे. सिंधुदुर्गात पर्यटनावर हजारो घरं चालतात. निवती रॉकजवळ सेवानिवृत्त युद्धनौका आयएनएस गुलदार समुद्रात बुडवून तिचं पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना राज्य सरकारने २०२५ मध्ये पुढे नेली. म्हणजे येत्या काळात या खडकांकडे नावा वाढणार. गावातल्या पोरांना काम मिळणार, ही चांगलीच गोष्ट. पण सुरय आणि पाकोळ्या निघून गेल्या तर उरेल फक्त खडक, आणि उघडा खडक पाहायला दुसऱ्यांदा कोण येईल?

लक्षद्वीपकडे पाहा. तिथली जवळपास सगळी वस्ती मुस्लिम, आणि टुना मासेमारी हा मुख्य धंदा. कवरत्तीजवळ पिट्टी नावाचं एक निर्मनुष्य, वाळूचं छोटं बेट आहे. सुरय तिथं अंडी घालतात म्हणून ते पक्षी अभयारण्य आहे. २०२० साली पिट्टीसह भोवतीचा समुद्र राखून ठेवण्यात आला आणि त्या राखीव क्षेत्राला लक्षद्वीपचे दिवंगत खासदार पी. एम. सईद यांचं नाव देण्यात आलं. पक्षी मासळीची जागा दाखवतात, हे समुद्रावर पोट असणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांचं घर राखणं हा त्याच्यासाठी धंद्याचाही हिशोब आहे.

जाताना एवढं लक्षात ठेवा

- वेंगुर्ला रॉक्ससाठी ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ चांगला. समुद्र बरा असतो आणि विणीचा हंगाम नसतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत जाण्याचा हट्ट धरू नये.
- नाव परवान्याची हवी आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं, लेकरांच्या आधी. बंदर विभाग आणि वन विभागाचे त्या वेळचे नियम नाववाल्याकडून विचारून घ्या.
- गुहेत शिरू नका, टॉर्च मारू नका, फटाका किंवा शिट्टी वाजवून पक्षी उडवू नका. नाववाला 'पक्षी उडवून दाखवतो' म्हणाला तर नको म्हणा. गिऱ्हाईक नको म्हणालं की तो सवय सोडतो.
- उरलेलं खाणं बेटावर टाकू नका. त्याने कावळे आणि उंदीर येतात, आणि ते पुढे अंडी खातात.
- साधी दुर्बीण सोबत घ्या. एकच दुर्बीण सगळ्या घराला पुरते, आणि दादीलाही नावेतून न उतरता सगळं दिसतं.
- मार्च ते जून या काळात धरणातल्या उघड्या बेटांवर जाऊ नका. टिटवी डोक्यावर ओरडत झेपावली तर जवळच अंडी आहेत असं समजा आणि आल्या पावली मागे फिरा.
- कुणी घरटी किंवा अंडी काढताना दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पक्षी पाहायला जाणाऱ्याचं यश त्याने किती फोटो काढले यावर मोजू नये. तो निघून गेल्यावर पक्षी अजून अंड्यावर बसलेला आहे की नाही, यावर मोजावं. येत्या मार्चमध्ये इसापूर-सिद्धेश्वरचं पाणी उतरू लागेल आणि मधले उंचवटे वर येतील. त्या वेळी काठावरच्या गावांतल्या पोरांना आधीच सांगून ठेवलं, गुराख्यांना विनंती केली, कुत्री तिकडे जाऊ नयेत एवढं पाहिलं, तर जूनमध्ये नव्या पिल्लांचे थवे आपल्याच पाण्यावर उडताना दिसतील. त्यासाठी कोकणापर्यंत जायचीही गरज नाही.